प्रदूषण चौकात मोजावे की रुग्णात?

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आता तिथी-नक्षत्राइतकाच नित्याचा झाला आहे. पुण्यात २०१३ मध्ये आणि मुंबईत २०१५ मध्ये ‘सफर’ची मापनकेंद्रे उभी राहिली, वृत्तपत्रे हे आकडे छापू लागली, आणि दम्याचा रुग्ण खुर्चीवर बसता बसता ‘आज हवा वाईट आहे, वैद्यराज’ असे आपले निदान स्वतःच सांगून मोकळा होऊ लागला. या आकड्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ते चौकाचे आकडे आहेत. रुग्ण चौकात राहत नाही. तो स्वयंपाकघरात, दुकानात, कारखान्यात, दारे-खिडक्या लावून घेतलेल्या शेजघरात राहतो. श्वासातून, अन्नातून आणि औषधातूनही त्याच्या शरीरात नेमके काय व किती गेले, हे चौकातील यंत्र सांगू शकत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कांपिल्य नगरीत, गंगेच्या तीरी, भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशास जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगतात: वायू, उदक, देश आणि काल यांची विकृती. प्रदूषणावरील आपल्या प्रत्येक परिसंवादात या अध्यायाचे स्मरण होते, आणि बहुधा तेथेच परिसंवाद संपतो. अग्निवेशाचा मूळ प्रश्न मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. प्रकृती, आहार, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का नष्ट होतात, हे त्यास जाणून घ्यावयाचे होते. आज आपणापुढील प्रश्न याच्या नेमका उलट आहे. एकाच गल्लीत, एकाच हवेत राहणाऱ्या दोघांपैकी एकाच्या शरीरात दुसऱ्याच्या कित्येक पट धूर का जातो? याचे उत्तर जनपदाकडे पाहून मिळत नाही. त्यासाठी माणूस पाहावा लागतो.

माणसाचा प्रदूषकाशी जो प्रत्यक्ष संबंध येतो, त्यास या लेखापुरते आपण ‘संपर्कमात्रा’ म्हणू. ती मोजण्याची रीत अवघड नाही. कमरेला एक लहानसा पंप बांधतात. त्याची नळी गळ्याजवळ, नाकापासून वीतभर अंतरावर अडकवितात. नळीच्या तोंडाशी गाळणी असते. मिनिटाला दोन लिटर या वेगाने चोवीस तासांत २.८८ घनमीटर हवा त्या गाळणीतून जाते. गाळणीचे आधीचे व नंतरचे वजन अतिसूक्ष्म तराजूवर केले की हिशेब हाती येतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर अशी साधने देऊन मापन केले. स्वयंपाकाच्या वेळचे आकडे प्रति घनमीटर हजारो मायक्रोग्रॅमच्या घरात निघाले. तोवर धूर म्हणजे शहरातील गिरण्यांचा, अशीच जगाची समजूत होती. त्याच दशकात अमेरिकेत सुमारे सहाशे नागरिकांच्या संपर्कमात्रेचा असाच अभ्यास झाला. न्यू जर्सीतील रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या लोकांनाही बेंझिनसारखी द्रव्ये मुख्यतः कारखान्यांतून मिळत नव्हती. ती येत होती तंबाखूच्या धुरातून, मोटारीतून आणि घरातील वस्तूंतून. ड्रायक्लीन करून आणलेले कपडे कपाटात टांगले तरी घरातील हवा बदलत होती.

हिशेब कसा उलटतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. गावातील हवेत पीएम २.५ चे, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांचे, प्रमाण प्रति घनमीटर ५० मायक्रोग्रॅम आहे. आपले चोवीस तासांचे राष्ट्रीय मानक ६० असल्याने निर्देशांक ‘समाधानकारक’ म्हणेल. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली, हा भाग वेगळा.) आता एक गृहिणी दोन तास चुलीपाशी आहे आणि तेथे हे प्रमाण १००० आहे असे समजू. उरलेले बावीस तास ती ५० च्या हवेत आहे. तिची दिवसाची सरासरी १२९ येते, मानकाच्या दुपटीहून अधिक. चौकातील यंत्र बिघडलेले नाही; ते केवळ दुसऱ्याच कोणाची हवा मोजीत आहे.

आणि आपल्या रुग्णपत्रकात या गृहिणीच्या व्यवसायाच्या रकान्यात काय असते? ‘गृहिणी’. तिच्या पतीच्या रकान्यात ‘नोकरी’. पहिल्या शब्दामागे चूल, मशेरी भाजण्याचा तवा आणि डासांची कॉइल दडते. दुसऱ्यामागे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम, वेल्डिंग किंवा सोनाराची भट्टी दडू शकते. निदानपंचकात हेतूस प्रथम स्थान देणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी हेतूसाठी एक शब्द पुरेसा मानावा, हे आम्हांस विसंगत वाटते. कॉइलविषयी एवढेच सांगतो की, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्मकणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. मग आपण सुचवितो ते धूपन? गुग्गुळ, निंबपत्र, वचा यांचे गुण वादातीत मानले तरी बंद खोलीत, बालकाच्या उशाशी, किती वेळ व किती धूर, हे मोजून सांगण्याची जबाबदारी सांगणाऱ्याचीच आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात धूमोपहताची लक्षणे वर्णिली, तेव्हा धूर कोणत्या द्रव्याचा म्हणून त्यास सूट दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

हल्ली काही हजार रुपयांत हातात मावणारी प्रकाशकिरणांवर चालणारी मापके मिळतात. चिकित्सालयात एखादे ठेवून रुग्णास दोन दिवस घरी नेऊ द्यावे, असे आम्ही अवश्य सुचवू. मात्र कोकणातील पावसाळ्यात ती धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात, हे ध्यानी ठेवावे. त्यांचा उपयोग ‘चुलीपाशी किती आणि ओसरीवर किती’ एवढी तुलना करण्यापुरता मानावा.

हवेपेक्षा अधिक अवघड प्रकरण शिशाचे. ते दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातील त्याचे प्रमाण महिन्याभरात निम्म्यावर येते, परंतु अस्थीत ते दशकानुदशके साठून राहते आणि गर्भारपणात पुन्हा रक्तात उतरते. वाचकांस येथे दूषीविषाची आठवण होईल. साम्य खरे आहे. पण साम्य दाखवून समाधान मानण्याची आपली जुनी खोड येथे उपयोगी नाही, कारण साम्याने कोणाच्या रक्तातील शिसे कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो बंद करावा. उगम कसा शोधतात, याचे उत्तम उदाहरण बांगलादेशाचे आहे. तेथील ग्रामीण भागातील गर्भवतींच्या तपासणीत जवळजवळ एक-तृतीयांश स्त्रियांचे प्रमाण या मर्यादेपलीकडे निघाले. जवळपास कारखाने नव्हते. संशोधकांनी रक्तातील शिशाच्या समस्थानिकांची माती, भांडी, मसाले यांतील शिशाशी तुलना केली, आणि बोट हळदीकडे वळले. फिकट हळकुंडांस तेज यावे म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला जात होता. हे २०१९ मध्ये उघड होताच सरकारने ढाक्याच्या घाऊक पेठेत धाडी घातल्या, व्यापाऱ्यांस दंड केला. त्या वर्षी बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही. पॉलिश करणाऱ्या गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही उतरले.

ही कथा शेजारच्या देशाची म्हणून सोडून देता येत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाटणा, गुवाहाटी व चेन्नई येथील हळदीच्या काही नमुन्यांतही अशीच भेसळ दिसली. हळद ही आपली नित्य वापरातील औषधी. हळकुंडे कोठून आली यापेक्षा ती पॉलिश केलेली आहेत काय, आणि त्या पोत्याचा तपासणी-अहवाल कोठे आहे, हे औषधनिर्मात्यांनी व दुकानदारांनी विचारले पाहिजे. अधिक पिवळी म्हणून अधिक भाव देणारा खरेदीदार या भेसळीचा पोशिंदा ठरतो.

येथवर बहुतेक वाचक आमच्याशी सहमत असतील. पुढचा भाग थोडा कडवट आहे.

२००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास आला; १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांपैकी २०.७ टक्क्यांत हेच दिसले. आपल्या शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांस जड धातूंची तपासणी सक्तीची केली. शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम, अशी आहे. ‘मर्यादेत आहे’ असा अहवाल मिळाला की निर्माता निश्चिंत होतो. परंतु हाही चौकातीलच आकडा! रुग्ण पीपीएम खात नाही, मात्रा खातो. मर्यादेच्या काठावरील चूर्ण तीन-तीन ग्रॅम दोन वेळा दिले तर दिवसाला ६० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी असेल तर ५. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये प्रसूतिक्षम वयातील स्त्रियांसाठी आहारातील शिशाची जी संदर्भ-पातळी मानली, ती दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम आहे आणि बालकांसाठी २.२. अर्थात बहुतांश चूर्णांत शिसे मर्यादेपेक्षा बरेच कमी असू शकते. मग तो नेमका आकडा डब्यावर छापण्यास हरकत कोणती? शतावरी चूर्ण सूतिकेस तीन महिने देणाऱ्या वैद्यास ‘मर्यादेत’ हा शब्द नको आहे, आकडा हवा आहे.

भस्मांच्या बाबतीत वाद निराळा आहे, हे आम्ही जाणतो. शोधन-मारणाने धातूचे रूप पालटते. मूळ धातूची मोजणी करून नागभस्मास विष ठरविणे हा अन्याय आहे, असे आपले अनेक ज्येष्ठ रसवैद्य म्हणतात. रूपानुसार शोषण बदलते, हे आधुनिक विषशास्त्रही नाकारीत नाही. पण मग किती शोषले गेले याचा निवाडा वादसभेत कसा होईल? तो रुग्णाच्या रक्तात होतो. औषध सुरू करण्यापूर्वी एक नमुना, सहा आठवड्यांनी दुसरा. ज्यांची आपल्या भस्मावर पूर्ण श्रद्धा आहे, त्यांनीच या तपासणीस प्रथम पुढे यावे. आकडा वाढला तर औषध थांबवून रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविणे हेही ओघाने आलेच. ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर काढणाऱ्या’ पंचकर्माच्या जाहिरातींस हाच नियम लावावा. कोणते द्रव्य, आधी किती, नंतर किती, हे न सांगता विषहरणाची हमी देणे म्हणजे नाडी न पाहता मात्रा लिहून देण्यासारखेच आहे.

सर्वांत दुर्लक्षित आहे तो रसशाळेतील कामगार. कज्जलीचा खल तासन्‌तास फिरविणारा, हिंगुळातून पारद काढणारा, पल्व्हरायझरपाशी चूर्णाच्या ढगात उभा राहणारा हा माणूस आपल्या कोणत्याही चर्चेत येत नाही. उत्तम निर्मितीच्या नियमांत, शेड्यूल टी मध्ये, त्याने संसर्गजन्य रोगापासून मुक्त असावे असे म्हटले आहे. त्यात काळजी औषधाची आहे, त्याची नव्हे. पाऱ्याच्या वाफेचा संपर्क लघवीच्या तपासणीत कळतो, शिशाचा रक्ताच्या. शहरांतील मोठ्या प्रयोगशाळा या तपासण्या करतात. वर्षातून एकदा दहा कामगारांसाठी येणारा खर्च एका सामान्य जाहिरातीहून अधिक नसावा. आकडे जास्त आले तर उपायही आपल्याच हाती असतात: धूर व वाफ ओढून घेणारा पंखा, झाकणाचा खल, ओली पुसणी, कामाचे कपडे घरी न नेण्याची शिस्त. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु कपड्यांवरची धूळ घरी जाते आणि रांगणारे मूल ती बोटांनी तोंडात घालते.

संघटनेकडे आमची मागणी फार मोठी नाही. रुग्णपत्रकाचा जो नमुना संघटना सभासदांस पुरविते, त्यात व्यवसायाच्या एका शब्दाऐवजी प्रत्यक्ष काम, घरातील इंधन, मशेरी-तंबाखू, आणि सध्या चालू असलेली सर्व औषधे मात्रेसह, एवढ्या ओळी घालाव्यात. आणि ज्या रसशाळा आपल्या कामगारांची तपासणी करतील, त्यांचे आकडे, रसशाळेचे व कामगारांचे नाव वगळून, या त्रैमासिकात छापण्यासाठी संपादक मंडळाने अर्धे पान राखून ठेवावे. पहिल्या अंकात तीनच रसशाळांचे आकडे आले तरी चालतील.