पोराचं वय कोण विचारणार?

"पोराला सर्दी झालीय, कायतरी द्या." मेडिकलवाला बाटली पुढं सरकवतो. वय विचारत नाही, वजन तर नाहीच. क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असा इशारा छापायचा आदेश डिसेंबर 2023 मध्येच निघालाय. छापतात, पण मुंगीएवढ्या अक्षरात, तोही इंग्रजीत!

घरी आणखी गंमत. सेटिरिझिनची 10 मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाला दिवसातून एकच. तीच मोडून अर्धी तीन वर्षांच्या पोराला. अहो, त्या वयाला सुरुवातच 2.5 मिलिग्रॅमनं होते, तीही डॉक्टरांना विचारून! सिरप असेल तर चहाचा चमचा. बाटलीवरचं मापाचं झाकण कचऱ्यात. पोर गुंगीत झोपलं की म्हणायचं, औषध लागू पडलं.

फार्मासिस्टचं लायसन दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं असतं. तो माणूस कुठं असतो?