ज्याने फी भरली त्याचाच पेपर दुरुस्त!

आमच्याच बिल्डिंगमधली (भाईंदर पूर्व) एक मुलगी इंजिनिअरिंगला आहे. सहाव्या सेमला एका पेपरात नापास झाली. ८० पैकी २६, पासिंग ३२. विद्यापीठाचं नाव घेत नाही. दोन दिवस रडली, मग उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली आणि ती घेऊन माझ्याकडे आली. "दादा, हे बघ ना." पुरवणीतला १० मार्कांचा अख्खा प्रश्न तपासलेलाच नव्हता! पान उलटायचं राहिलं असणार, दुसरं काय.

पुनर्मूल्यांकनाचा निकाल आला तो केटीची परीक्षा देऊन झाल्यावर. आधीच्याच पेपरात पास! पण मधल्या काळात कॅम्पसला आलेल्या कंपनीने 'लाइव्ह केटी नको' म्हणून तिला बसूच दिलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, दाद मागता येते ना? येते, पण हे हक्क किती उशिरा मिळालेत बघा. उत्तरपत्रिका दाखवायची नाही आणि पुन्हा तपासायची नाही, हे आपल्या राज्य बोर्डाचे नियम मुंबई हायकोर्टाने रद्द ठरवले होते. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा वैध ठरवले. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, हे त्याच कोर्टाने सांगायला २०११ साल उजाडलं. आणि बघता येते म्हणजे पुन्हा तपासून मिळते असं नाही. ते त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर.

'कॉम्प्युटरवर तपासा, चुका होणार नाहीत' म्हणणाऱ्या माझ्या आयटीवाल्या मित्रांनी २०१७ आठवावं. मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका घाईघाईत ऑनलाइन तपासायला घेतल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, काही उत्तरपत्रिका सापडेनात. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवलं. मुलांची परदेशातली अ‍ॅडमिशन्स काही त्यामुळे परत आली नाहीत.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. आपल्याकडे एका कस्टमरने बग कळवला तर आपण काय करतो? फक्त त्याचा डेटा दुरुस्त करून गप्प बसतो का? (बसतो कधी कधी, पण मॅनेजरला सांगत नाही.) तो बग आणखी कुणाला लागला असेल हे शोधावं लागतं. इथे परीक्षकाने पुरवणी बघितली नाही हे कागदावर सिद्ध झालं. मग त्याच परीक्षकाने त्याच दिवशी तपासलेला बाकीचा गठ्ठा कुणी उघडला? कुणीच नाही! अर्ज एकाचा, दुरुस्ती एकाची, फाइल बंद.

'लाखो पेपर पुन्हा कसे तपासणार' हे उत्तर मला देऊ नका. लाखो कोण म्हणतंय? तो एक गठ्ठा तपासा. आणि चूक तुमची निघाली तर घेतलेली फी परत करा. त्यासाठी मुलांना वेगळा अर्ज करायला लावू नका, प्लीज.

परवा विरार फास्टला ती भेटली. दारात लटकणाऱ्यांची ढकलाढकली चालू होती, तरी विचारलंच, तुझ्या आगेमागच्या नंबरांचं काय झालं? म्हणाली, तिघं नापास आहेत. एकाकडे फीचे पैसे नव्हते. बाकीच्या दोघांना वाटलं, आपणच कमी अभ्यास केला असेल.