घाम आखातात, म्हातारपण मूर्तिजापुरात

मूर्तिजापूरच्या स्थानकावर मुंबईची गाडी धरून आखातात जाणाऱ्या कामगारापुढे दोन हिशेब असतात : एक कराचा, दुसरा म्हातारपणाचा. पहिला सरकारने चोख मांडला आहे. वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ तो भारतात राहिला, तर तिकडच्या वेतनावर येथे कर नाही. अमिरातीतही वेतनावर प्राप्तिकर नाही.

दुसरा हिशेब मात्र कोराच राहतो. येथील नोकरीची दहा वर्षे भरण्यापूर्वी गेलेल्याला कर्मचारी निवृत्तिवेतनाचा हक्क मिळत नाही. ज्याला मिळतो, त्याची किमान रक्कम २०१४ साली ठरली ती महिना १,००० रुपये! अमिरातीत पहिली पाच वर्षे दरसाल २१ दिवसांचे व पुढे ३० दिवसांचे मूळ वेतन सेवासमाप्तीला हाती पडते, आणि व्यवहार संपतो.

बेल्जियमशी झालेला सामाजिक सुरक्षा करार २००९ पासून अमलात आहे. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या अभियंत्याची दुहेरी वर्गणी वाचते. आखातातील गवंड्याला, फिटरला असे कवच नाही. परक्या मजुरासाठी तेथे निवृत्तिवेतनाची योजनाच नसेल, तर करार जोडावयाचा कशाशी? म्हणून निधी स्वदेशातच हवा. तो होताही. २०१२ च्या महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजनेत मजुराच्या बचतीत सरकार भर घालीत असे. २०१७ साली ती गुंडाळली गेली.

ती अधिक भक्कम स्वरूपात पुन्हा उभी करावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली पाहिजे. करासाठी ज्याचे दिवस मोजले जातात, त्याची वर्षे म्हातारपणासाठीही मोजली गेलीच पाहिजेत.