घरगुती बीअर: छंद, कायदा आणि महसूल

बंगळुरूच्या इंदिरानगर भागातील शंभर फुटी रस्त्यावर २०१० मध्ये 'टॉइट' हे स्वतःची बीअर स्वतःच तयार करणारे उपाहारगृह सुरू झाले. त्याआधी एक वर्ष, २००९ मध्ये, पुण्यात 'डूलाली'ने महाराष्ट्रात हाच प्रयोग केला होता. आज इंदिरानगर हे नाव देशभर मायक्रोब्रुअरींशी जोडले गेले आहे. या रस्त्यावर हजारो लिटर बीअर परवान्याने तयार होते. मात्र त्यामागच्या गल्लीतील दोन खोल्यांच्या सदनिकेत कोणी वीस लिटरच्या भांड्यात स्वतःपुरती बीअर आंबवली, तर कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा ठरतो. अशी हौस बाळगणाऱ्यांची संख्या मोठी नसेल, पण त्यातून उभा राहणारा प्रश्न लहान नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आठव्या क्रमांकावर मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे विषय राज्यांकडे सोपविण्यात आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलही याच कक्षेत आणले. त्यामुळे राज्यांचा अधिकार अधिकच विस्तारला. कर्नाटक अबकारी अधिनियम, १९६५ अन्वये परवान्याविना मद्यनिर्मितीस मनाई असून तुरुंगवासाची तरतूद आहे. विक्रीसाठी केलेली निर्मिती आणि घरच्या चार माणसांसाठी केलेली निर्मिती असा भेद त्यात हौशी माणसासाठी केलेला नाही. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठीही परवाना लागतो, ही गोष्ट अनेकांच्या विस्मरणात गेली आहे.

या कठोरपणाचे समर्थन नेहमी विषारी दारूच्या दुर्घटनांनी केले जाते. त्या दुर्घटना खऱ्या आहेत आणि भीषण आहेत. १९८१ मध्ये बंगळुरूत तीनशेहून अधिक, २००८ मध्ये कर्नाटक-तामिळनाडूत दीडशेहून अधिक, २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक आणि २०२४ मध्ये तामिळनाडूतील कल्लाकुरिची येथे साठहून अधिक जणांचा बळी गेला. मात्र या मृत्यूंमागे मिथेनॉल होते. ते उद्योगांसाठीच्या रसायनसाठ्यांतून चोरवाटेने बाहेर पडते आणि स्वस्तात नशा वाढविण्यासाठी दारूत मिसळले जाते. मोड आणून वाळविलेल्या सातूचा काढा हॉप्ससह उकळून यीस्टने आंबविला, तर त्यात मिथेनॉल नगण्य असते. बीअर ऊर्ध्वपातित होत नाही, म्हणजेच तिची वाफ करून अर्क काढला जात नाही. तिचे धोके वेगळे आहेत. अस्वच्छ भांड्यामुळे ती आंबूस होते आणि साखर जास्त पडली तर बंद बाटली फुटते. हातभट्टीची दारू आणि सातूची बीअर यांना एकाच तागडीत तोलणे शास्त्राला धरून नाही.

बंगळुरूचे हवामान या छंदाला अनुकूल आहे, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. एल जातीच्या बीअरचे यीस्ट साधारण अठरा ते बावीस अंशांत उत्तम काम करते, म्हणून थंडीचे दोन महिने आणि पावसाळ्यातील गारवा उपयोगी पडतो. पावसाळ्यातील दमटपणा मात्र बुरशीला आमंत्रण देतो. लागर जातीला आठ ते तेरा अंश लागतात. तेवढी थंडी इथे शीतकपाटाविना मिळत नाही. एप्रिलमध्ये सदनिका तापते. एप्रिल २०१६ मध्ये शहरात ३९.२ अंशांची नोंद झाली होती. अशा वेळी भांडे पाण्याच्या टबात ठेवून त्याला ओले फडके गुंडाळायचे, किंवा नॉर्वेतील 'क्वाइक' यीस्ट वापरायचे, जे तिशीपलीकडच्या तापमानातही तग धरते. उकळत्या काढ्याचा वास लपत नाही, हे शेजारी लगेच सांगतील.

मग कायदा शिथिल का होत नाही? याचे उत्तर बहुतांशी महसुलात आहे. कर्नाटकाच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अबकारी महसुलाचे उद्दिष्ट ४०,००० कोटी रुपये ठेवण्यात आले होते. जुलै २०२३ मध्ये बीअरवरील अतिरिक्त अबकारी शुल्क १७५ टक्क्यांवरून १८५ टक्के करण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये किमती पुन्हा वाढल्या. वीस लिटरच्या भांड्यांनी या तिजोरीला भगदाड पडणार नाही. मात्र घराघरांतील भांडी मोजायची कशी, 'स्वतःपुरते' आणि 'मित्रांना विकलेले' यांतील सीमा तपासायची कशी, हा अबकारी खात्याचा प्रश्न अगदीच पोकळ म्हणता येणार नाही.

इतर देशांनी ही सीमा आखून पाहिली आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बीअरसाठीची परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढास वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन प्रौढांच्या घरास दुप्पट मुभा दिली. ऊर्ध्वपातनाला सूट दिली नाही. तिथेही मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांना होकार द्यायला २०१३ उजाडले. आपल्याकडेही अशा सवलती अज्ञात नाहीत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढमध्ये आदिवासी समाजाला घरगुती वापरासाठी मोहाची दारू काढण्याची मुभा आहे, आणि ती तर ऊर्ध्वपातित दारू आहे. केरळमध्ये २०१९ च्या नाताळपूर्वी घरगुती वाइनही गुन्हा असल्याचा इशारा देण्यात आला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजावरून वाद उठला.

घटनेचे सत्तेचाळिसावे कलम राज्याला दारूबंदीच्या दिशेने जाण्यास सांगते. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील स्त्रियांचा अनुभव त्या कलमामागे उभा आहे. कर्नाटकाने जुलै २००७ मध्ये अरॅकवर बंदी घातली तेव्हाही हाच मुद्दा पुढे होता. इंदिरानगरच्या रहिवाशांनीही पबच्या रात्रीच्या गोंगाटाविरुद्ध अनेक वर्षे झगडा दिला आहे. तो गोंगाट परवानाधारक व्यवसायाचा होता, स्वयंपाकघरातील भांड्याचा नव्हे. वार्षिक मर्यादा, विक्रीस पूर्ण मनाई, ऊर्ध्वपातनास शिक्षा आणि इमारतीच्या संस्थेची संमती एवढ्या चार अटींवर घरगुती बीअरला सूट देणे विधिमंडळाला अवघड नाही. त्यासाठी १९६५ च्या अधिनियमात दुरुस्ती करावी लागेल.

दरम्यान, अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी अर्ध्या टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयाला मद्य ठरविले आहे. हौशी मंडळींपैकी काही जण म्हणूनच कोम्बुचाकडे आणि आल्याच्या आंबवलेल्या सरबताकडे वळतात. तीही दोन दिवस अधिक राहिली, उन्हाळ्यात तर हमखास, की ती रेषा ओलांडू शकतात.