जाड पोलाद आणि प्लाझ्मा

नवें यंत्र आलें कीं जुनें भंगारांत टाकावें, ही समजूत आमच्या विद्यार्थ्यांत फार बळावली आहे. पोलाद कापण्याचेंच पाहा. प्लाझ्मा कटर १९५० च्या दशकांत अमेरिकेंत निघाला. त्याच्या अरुंद तोंडांतील वायु विजेच्या योगानें सुमारें २०,००० अंश तापतो, धातु वितळवितो आणि तो रस उडवूनहि लावितो. स्टेनलेस पोलादापुढें गॅसची ज्योत हात टेकते, हा टेकीत नाहीं. पातळ पत्र्यांत तर त्याचा वेग विलक्षण! परंतु साधें पोलाद ५० मिलिमीटरांहून जाड झालें म्हणजे झोत तळापर्यंत पोंचतां पोंचतां दुबळा होतो व कड तिरपी होऊं लागते. उलट गॅसच्या रीतींत सुमारें ९०० अंशांस तापलेलें लोखंड शुद्ध प्राणवायूंत स्वतःच जळतें. म्हणजे उष्णतेचा बराच भाग प्लेटच पुरविते. म्हणून तेथें जुनाच उपाय सरस, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा निवाडा करावयास रसायन व पदार्थविज्ञान दोन्ही लागतात. तरी कित्येक पालक हें अडाण्याचें काम समजून हुशार मुलास त्यापासून दूर ठेवितात. काळ्या कांचेआडून (उघड्या डोळ्यांनीं कदापि नव्हे) ठिणग्यांचा कल पाहून हाताची गति ठरविणारा कारागीर त्यांनीं एकदां पाहावा.