हात मिळवले म्हणजे भांडण मिटलं का?

गेल्या टर्ममध्ये माझं आणि माझ्या शेजारच्या बेडवरच्या मित्राचं भांडण झालं. (त्याला विचारूनच हे लिहितो आहे. नाव मात्र देत नाही.) कारण अगदी क्षुल्लक होतं. इन्स्पेक्शनच्या सकाळी माझा पॉलिश केलेला बेल्ट जागेवर नव्हता, तो त्याच्या कमरेला होता. मला मैदानाच्या पाच फेऱ्या पडल्या. रात्री डॉर्मिटरीत, ज्युनियर्ससमोर, मी त्याला चोर म्हटलं. त्याने मला ढकललं, मी त्याला. उस्ताद आले, दोघांनाही शिक्षा झाली आणि शेवटी नेहमीची ऑर्डर मिळाली, "हाथ मिलाओ!" आम्ही हात मिळवले. उस्तादांच्या दृष्टीने प्रकरण संपलं.

आमचं भांडण मात्र संपलं नाही. आमच्या दोन बेडमध्ये जेमतेम हातभर अंतर आहे, पण तीन आठवडे आम्ही एकमेकांशी शब्दही बोललो नाही. मग पेरेंट्स डेला त्याच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, तू त्याचा मित्र ना? सुट्टीनंतर परत जाणार नाही म्हणतोय. काय झालंय त्याला?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही मेसच्या पायऱ्यांवर बसलो. तो म्हणाला, "बेल्ट मी अंधारात चुकून घेतला. तुला शिक्षा झाली याचं मलाच वाईट वाटलं होतं. पण ज्युनियर्स मला अजून पाठीमागून चोर म्हणतात." म्हणजे भांडण बेल्टचं नव्हतंच! दुसऱ्या दिवशी रोल कॉलनंतर ज्युनियर्ससमोर उभं राहून मी सांगितलं, की मी बोललो ते खोटं होतं. पाच फेऱ्यांपेक्षा ते कितीतरी अवघड गेलं. सुट्टीनंतर तो परत आला.

तेव्हापासून मला वाटतं, की आपल्याला भांडण थांबवायला शिकवतात, मिटवायला शिकवत नाहीत. ऑर्डरने मारामारी थांबते आणि ती थांबायलाच हवी. पण मनातला राग ऑर्डर ऐकत नाही.

आउट-पासवर आपण सगळेच कमानिया गेटजवळून जातो. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची ती आठवण आहे. त्या वर्षी सुभाषबाबू पट्टाभी सीतारामय्यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव करून अध्यक्ष झाले. गांधीजींचा पाठिंबा पट्टाभींना होता. मार्चमध्ये त्रिपुरीला अधिवेशन भरलं, तेव्हा सुभाषबाबू तापाने इतके आजारी होते, की त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं, आणि गांधीजी राजकोटला होते. पुढे दोघांमध्ये बरीच पत्रं गेली, पण तोडगा निघाला नाही. एप्रिलमध्ये सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. इतक्या मोठ्या माणसांचाही मतभेद मिटला नाही. पण पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आझाद हिंद सेनेच्या एका ब्रिगेडला गांधीजींचं नाव होतं आणि १९४४ मध्ये रेडिओवरून सुभाषबाबूंनी त्यांना राष्ट्रपिता म्हटलं. मार्ग पटला नाही, तरी माणसाचा मान त्यांनी कमी केला नाही. मी मात्र एका बेल्टसाठी मित्राला चोर ठरवलं.

भांडण मिटवणं शिकता येतं, हे मी गावाकडे पाहिलं आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. माझे आजोबा आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीत होते. बांधाचा वाद आला, की ते आधी एकाचं पूर्ण ऐकत, मग दुसऱ्याचं. मध्ये कोणी बोललं, की म्हणत, "थांब, तुझी पाळी येईल." निकाल आजोबा देत नसत. दोघांनाच विचारत, "आता काय केलं म्हणजे तुम्हाला पटेल?" आम्हाला हे कोणी विचारलं असतं, तर तीन आठवडे वाया गेले नसते.

काही जण म्हणतील, सैनिकाला लढायला शिकवा, हे बोलणं वगैरे कशाला? पण सीमेवर फ्लॅग मीटिंगला जातो तो सैनिकच असतो. २५ फेब्रुवारी २०२१ ला नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी पाळण्याचं संयुक्त निवेदन निघालं, ते भारत आणि पाकिस्तानच्या डीजीएमओंमध्ये हॉटलाइनवर बोलणं झाल्यावर. बोलले म्हणून त्यांना कोणी कमजोर म्हटलं नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. महिन्यातून एक पीरियड यासाठी द्यावा. खरी भांडणं नावं न घेता मांडावीत आणि आम्ही ती सोडवण्याचा सराव करावा. प्रत्येक हाऊसमध्ये तीन कॅडेट्स आणि एक सर अशी छोटी तंटामुक्ती समिती असावी. रॅगिंग किंवा मोठ्याने लहानाला मारणं मात्र या समितीकडे नको. ते भांडण नाही, तो अन्याय आहे. ते थेट हाऊसमास्टरांकडेच गेलं पाहिजे.

आई-बाबांनाही सांगावंसं वाटतं, की रविवारच्या फोनवर "मार्क किती पडले?" याबरोबर "कोणाशी अबोला तर नाही ना?" हेही विचारा.

आणि उस्ताद, "हाथ मिलाओ" ही ऑर्डर जरूर द्या. फक्त त्याआधी आम्हाला दहा मिनिटं समोरासमोर बसवा आणि एकमेकांचं ऐकून घ्यायला लावा.