‘आधुनिक पुराण’ नावाची आळशी उपमा

सुपरहीरो म्हणजे आधुनिक युगाची पुराणकथा, हे विधान अलीकडे इतक्या वेळा कानांवर पडते की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. मराठी समीक्षेत ‘मिथक’ हा शब्द रुळल्यापासून तर चर्चासत्रांत, प्रबंधांच्या प्रस्तावनांत आणि वर्गांतही ते सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. आमचा त्यास विरोध आहे. हा विरोध चित्रकथेस कमी लेखणाऱ्यांच्या बाजूने नाही, हे आधीच सांगितलेले बरे. चित्रकथा गंभीरपणे वाचण्याजोगी कला आहे असेच आम्ही मानतो. आणि म्हणूनच तिला पुराणाची उसनी शाल पांघरून मोठे करू नये, असे आमचे म्हणणे आहे.

विधानाची परीक्षा घ्यायची तर त्याला सर्वांत अनुकूल असे उदाहरण घ्यावे. ते म्हणजे ‘२००० एडी’ या ब्रिटिश साप्ताहिकात ऑगस्ट १९८३ मध्ये अवतरलेला स्लॉन्या. लेखक पॅट मिल्स आणि पहिल्या भागाची चित्रकार अँजेला किनकेड. हा परशुधारी केल्टिक योद्धा अमेरिकी पद्धतीचा मुखवटेवाला सुपरहीरो नव्हे. परंतु भूमीतून शक्ती शोषून घेऊन त्याचे शरीर जे अमानुष रूप धारण करते, ते पाहता त्याला त्या कुळाबाहेर ठेवणे कठीण. पुढे १९८९-९० च्या ‘द हॉर्न्ड गॉड’ या सायमन बिझलीने रंगविलेल्या प्रदीर्घ कथेत तो शिंगवाल्या देवाचा अवतार होतो आणि आयर्लंडचा पहिला महाराजाही. देव, राजा आणि नायक हे तिन्ही एका देहात! पुराणाशी याहून निकटचे नाते दुसऱ्या कोणत्या चित्रकथेने सांगावे?

प्रथम शुद्धतावाद्यांचा समाचार घेऊ. त्यांचा आक्षेप असा की, मिल्सने केल्टिक परंपरेची खिचडी केली. वस्तुस्थिती म्हणून हे खरे आहे. स्लॉन्या हे नाव मध्ययुगीन आयरिश वंशकथांतल्या पहिल्या राजाचे. पण तो राजा फिर बोल्ग जमातीचा, म्हणजे दानू देवीच्या ज्या लोकांचा हा नायक कैवार घेतो त्यांच्या शत्रुपक्षातला. रूपांतराचा आवेश घेतला आहे तो अल्स्टरचा वीर कूखुलिन याच्याकडून. कूखुलिन हा लू या देवाचा पुत्र, आणि ‘ताइन बो कूलन्य’ या गुरे पळविण्याच्या महाकथेचा नायक; आपल्याकडील वाचकाला येथे विराटपर्वातील गोग्रहण आठवल्यावाचून राहणार नाही. त्या आवेशाला चित्रकथेत जे इंग्रजी नाव आहे, तेसुद्धा टॉमस किन्सेलाच्या १९६९ सालच्या भाषांतरातून उचललेले आहे.

शिंगवाल्या देवाची गोष्ट तर याहून मौजेची. केर्नुनोस हे नाव पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चखाली १७१० मध्ये सापडलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील नावाड्यांच्या स्तंभावर कोरलेले आहे. मांडी घातलेली शिंगधारी आकृती प्रसिद्ध झाली ती डेन्मार्कमधील गुंडेस्ट्रुप येथे १८९१ मध्ये मिळालेल्या चांदीच्या पात्रामुळे. आयर्लंडच्या जुन्या कथांत मात्र या नावाचा देव नाही. युरोपभर एकच शिंगवाला देव पूजिला जात होता, ही कल्पना मार्गारेट मरे यांच्या १९२१ पासूनच्या लेखनातून पसरली आणि इतिहासकारांनी ती पुढे नाकारली. तिला रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या ‘द व्हाइट गॉडेस’ या १९४८ सालच्या काव्यमय ग्रंथाची जोड मिळाली. सारांश, स्लॉन्यात संचारणारा हा प्राचीन देव त्या रूपात विसाव्या शतकातला आहे.

पण म्हणून तो भ्रष्ट ठरतो काय? शुद्धतावाद्यांनी ‘ताइन’च्या बाराव्या शतकातील ‘लेन्स्टरचा ग्रंथ’ या हस्तलिखिताचा शेवट एकदा वाचावा. तेथे लेखनिकाने आयरिश भाषेत, ही कथा जशीच्या तशी स्मरणात ठेवून तिच्यात भर न घालणाऱ्यास आशीर्वाद दिला आहे. आणि लगेच खाली लॅटिनमध्ये असे नोंदविले आहे की, या कथेवर आपला विश्वास नाही, तीत काही सैतानाची फसवणूक आहे, काही कवींच्या कल्पना आहेत, तर काही मूर्खांच्या करमणुकीपुरते आहे. एकाच पानावर श्रद्धा आणि समीक्षा! देवांच्या कथा ख्रिस्ती मठांत, त्या देवांना न मानणाऱ्यांच्या हातून आपल्यापर्यंत आल्या. मूळ म्हणून ज्याकडे बोट दाखवावे तेच मिश्र आहे. तेव्हा सरमिसळ केली एवढ्यावरून मिल्सला दोषी ठरविता येणार नाही. परंपरा नेहमी तेच करत आली आहे.

मग आमचे भांडण कशाशी? ते मरणाशी संबंधित आहे.

कूखुलिनच्या कथेत शक्ती हे संकट असते. बालवयात तो प्रथम रक्त सांडून परततो तेव्हा त्याचा आवेश इतका अनावर असतो की तो आपल्याच नगरावर तुटून पडेल अशी भीती निर्माण होते. मग नगरातील स्त्रिया वक्षस्थळे उघडी करून त्याच्यासमोर उभ्या राहतात, तो नजर वळवतो, आणि त्याला पकडून थंड पाण्याच्या तीन पिंपांत बुचकळले जाते. पहिले पिंप फुटते, दुसरे उकळते, तिसरे कोमट होते. वीराला थंड कसे करायचे, याचा विचार ही कथा आरंभीच करून ठेवते. चित्रकथेत तोच आवेश वाचकाला ठराविक अंतराने द्यावयाचे बक्षीस होतो. बिझलीचा कुंचला त्या पानांवर सर्वाधिक रमतो आणि वाचकही. यात दृश्यकलेचा विजय आहे हे आम्ही मान्य करतो. पण पिंपे कुठे गेली, हा प्रश्न विचारावाच लागतो.

आणि शेवट. कूखुलिनवर दोन ‘गेश’, म्हणजे व्रतासारखी बंधने, असतात: कुत्र्याचे मांस खायचे नाही आणि कोणाच्या चुलीवरचे अन्न नाकारायचे नाही. वाटेत म्हाताऱ्या त्याला कुत्र्याचेच मांस देऊ करतात. दोहोंपैकी एक बंधन मोडणे अटळ, आणि तेथून त्याचे मरण सुरू होते. जखमी अवस्थेत तो स्वतःला एका शिळेला बांधून घेतो, उभ्याने मरता यावे म्हणून. खांद्यावर पक्षी येऊन बसतो तेव्हा शत्रूला तो मेल्याची खात्री पटते. त्याने आपला मित्र फर्डिया मारला, स्वतःचा मुलगा मारला, त्या साऱ्याचा हिशेब या मरणात पुरा होतो. मरणावाचून त्याची कथा म्हणजे केवळ पराक्रमांची यादी राहिली असती.

विलक्षण गोष्ट अशी की, मिल्सला हे पुरते ठाऊक आहे. ‘द हॉर्न्ड गॉड’मधील राजाने सात वर्षे राज्य करून नंतर भूमीसाठी बळी जायचे असते. कथेचा खलनायक स्लफ फेग हा कोण? तर आपली मुदत संपल्यावर मरण्यास नकार देणारा, म्हणून जिवंतपणी सडत राहिलेला जुना शिंगवाला देव. न मरणारा देव कुजतो, याहून नेमकी प्रतिमा त्या साप्ताहिकाच्या पानांवर क्वचितच उमटली असेल. परंतु स्लॉन्याची सात वर्षे संपतात तेव्हा काय होते? १९९३ च्या ‘डेमन किलर’पासून तो काळ ओलांडून बोडिका राणीच्या मदतीला जातो, पुढे रॉबिन हूडच्या आणि आर्थरच्या युगांत लढतो. साप्ताहिक चालू आहे, वाचक मागणी करीत आहेत, तर नायकाने मरावे कसे? जो नियम मोडल्याबद्दल कथेने खलनायकाला सडविले, तोच नियम कथेने आपल्या नायकासाठी मोडला. येथे लेखकाच्या प्रतिभेपेक्षा बलवान अशी एक गोष्ट काम करीत असते. तिला मालकी म्हणतात.

मालकीचा हा मुद्दा कायद्याच्या विद्यार्थ्यांवर सोडून देण्याजोगा नाही. तो साहित्याचा आहे. ऑलिव्हर शेपर्डने १९११ साली घडविलेला मरणासन्न कूखुलिनचा पुतळा १९३५ मध्ये डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात, १९१६ च्या उठावाचे स्मारक म्हणून बसविण्यात आला. आयरिश राष्ट्रवादाचा तो हुतात्मा ठरला. पुढे बेलफास्टच्या भिंतींवर त्याच पुतळ्याची आकृती रंगविली गेली ती ब्रिटननिष्ठांकडून: अल्स्टरचे आयरिश आक्रमणापासून रक्षण करणारा वीर म्हणून! एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन पक्षांनी एकच मृत वीर आपला मानला आणि कोणालाही परवानगी मागावी लागली नाही. लेडी ग्रेगरींनी १९०२ मध्ये त्याला सभ्य केले, येट्सने १९०४ पासून नाटकांतून त्याला पुनःपुन्हा रंगविले. तेथेही कोणी अडविले नाही. पुराणकथा अशीच जगते: तिच्यावर भांडण्याचा हक्क सर्वांना असतो.

स्लॉन्याचे तसे नाही. २००० साली ‘२००० एडी’ रिबेलियन कंपनीने विकत घेतले आणि त्यातील पात्रांप्रमाणे स्लॉन्याही मालमत्ता म्हणून तिच्याकडे गेला. ज्याने त्याला जन्म दिला त्या लेखकाच्याही हाती त्याचे मरण-जगणे पूर्णपणे नाही. फार कशाला, ‘सुपरहीरो’ हा शब्ददेखील अमेरिकेत कैक वर्षे मार्व्हल आणि डीसी या दोन कंपन्यांच्या सामाईक व्यापारचिन्हात अडकून होता. ती नोंदणी सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाली. ज्या पुराणाचे नावही नोंदणीकृत होते, ते कोणाचे पुराण?

यावर असे म्हटले जाईल की, चाहते पात्रांना आपल्या परीने पुन्हा लिहितातच, आणि स्वामित्वहक्कही कधीतरी संपतो. दोन्ही खरे. पण चाहत्यांचे लेखन मालकाच्या डोळेझाकीवर जगते. कीर्तनकार आख्यान बदलतो तेव्हा त्याला कोणाच्या डोळेझाकीची गरज नसते. हक्क संपण्याचा मुद्दा मात्र आम्हांस मोलाचा वाटतो, कारण तो आमचेच म्हणणे सिद्ध करतो. ज्या दिवशी स्लॉन्या कोणाचाच राहणार नाही, त्या दिवशी कोणीतरी त्याला खरोखर मारू शकेल, कोणी त्याला देव करील, कोणी त्याच्यावर थुंकेल. तेव्हा तो पुराणाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकील. तोवर तो एका समर्थ लेखकाने आणि काही असामान्य चित्रकारांनी रचलेली चित्रकथा आहे, आणि हे वर्णन मुळीच लहान नाही.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच: ‘मिथक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. ही कथा आपल्या नायकास मरू देते काय? आणि ती उलटी सांगण्याचा हक्क कोणाकडे आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना चित्रकथा अधिक बारकाईने वाचावी लागेल. उपमा हातची जाईल, एवढेच.